यादी मुंबईत, वर्ग मालवणात

मालवणचा माणूस मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, तेव्हा त्या विद्यापीठाकडे शिकवायला स्वतःचा एकही वर्ग नव्हता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ साली त्या खुर्चीवर बसले. विद्यापीठ १८५७ सालचे, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेले. शिकवायचे एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन या कॉलेजांनी. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, निकाल लावायचे आणि पदव्या द्यायच्या. कुलगुरूपद दोन वर्षांचे आणि मानाचे, पगाराचे नव्हे. वर कुलपती म्हणून गव्हर्नर लॉर्ड हॅरिस, ज्यांचे नाव आज कारभारापेक्षा क्रिकेटमुळे निघते. आधीचे कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग, त्या पदावरचे पहिले भारतीय, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना गेले आणि त्यांच्या जागी भांडारकर आले. अशा व्यवस्थेत नव्या वर्षासाठी कुलगुरूने आखायचे तरी काय? सिनेट चालवायची, पदवीदान समारंभात भाषण करायचे. भांडारकरांनी दोन्ही केले.

२०२५ च्या २४ ऑगस्टला त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. पुण्यातल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराला त्यांचे नाव असल्याने ते पुण्याचे होऊन बसले आहेत. जन्म मात्र मालवणचा, ६ जुलै १८३७. शताब्दीचे निमित्त साधून मला मालवणच्या किनाऱ्यावरून एक प्रश्न विचारून पाहायचा आहे. दर जूनमध्ये कुलगुरूंच्या प्राधान्यक्रमांची यादी येते. परिपत्रकांत येते, मुलाखतींत येते, बृहत् आराखड्यात तर पाच वर्षांची एकदम येते. त्या यादीतले काय काय इथपर्यंत पोचते, आणि पोचते ते कशाच्या जोरावर?

भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीला झाली, आणि रत्नागिरीला सरकारी इंग्रजी शाळा होती. मालवणातच राहिले असते तर मुलगा कदाचित वडिलांसारखाच कचेरीत चिकटला असता. एका बदलीने तो शाळेत गेला, १८५३ मध्ये मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये पोचला, दादाभाई नौरोजींच्या हाताखाली शिकला, आणि १८६२ मध्ये विद्यापीठाची पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली तिच्यातल्या चौघांपैकी एक झाला. उरलेले तिघे महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सिंधुदुर्गातल्या हुशार मुलाचे शिक्षण वडिलांच्या बदलीवर, मामाच्या मुंबईतल्या खोलीवर किंवा कुणा चाकरमान्याच्या ओळखीवर अवलंबून असण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पदवी घेऊन भांडारकर हेडमास्तर झाले. आधी सिंधमधल्या हैदराबादला, मग रत्नागिरीला, ज्या शाळेत शिकले त्याच शाळेत. त्या वर्षांत त्यांनी इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी संस्कृतची दोन पुस्तके लिहिली. पहिले 'मार्गोपदेशिका', दुसरे 'संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका'. स्वतः संस्कृत शिकले ते मोठेपणी, शास्त्र्यांकडे बसून. पाठांतराच्या वाटेने जायला वर्षे लागतात, शाळेतल्या मुलाकडे ती नसतात, हे त्यांना कळत होते. म्हणून नियम, उदाहरण, भाषांतराचा सराव, पुन्हा नियम अशी मांडणी. सव्वाशेहून अधिक वर्षे ही पुस्तके छापली गेली, गुजरातीत उतरली, आणि संस्कृत म्हटले की कित्येक पिढ्यांना भांडारकरांचे पहिले पुस्तक आणि दुसरे पुस्तक एवढेच आठवले. त्यांच्या कुलगुरूपदाची दोन वर्षे कुणाला आठवतात? त्यांच्या चरित्रातही ती ओळीभरात उरकतात.

विद्यापीठाच्या माणसाने काय करावे याचे त्यांचे मत मात्र स्वच्छ होते. १८८८ मध्ये मुंबईतल्या एका व्याख्यानात त्यांनी चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीची बाजू मांडली. पुरावा तपासा, दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहा, काळाच्या क्रमात बसवा, आणि निष्कर्ष आपल्या जातीला, धर्माला किंवा देशाला रुचेल की नाही याची चिंता करू नका. हे सांगणाऱ्या माणसाची नोकरीतली कहाणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे प्राध्यापकपद त्यांनी हंगामी सांभाळले होते. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ते पीटर पीटरसन यांना मिळाले, आणि भांडारकर त्यांचे साहाय्यक म्हणून काम करत राहिले. डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्या जागी ते पोचायला १८८२ उजाडावे लागले. मधल्या काळात ते कुढत बसले नाहीत. शिलालेख वाचले, हस्तलिखिते शोधत हिंडले, १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास छापला.

तेव्हा मालवणचा हा कुलगुरू किनाऱ्यापर्यंत पोचला तो हेडमास्तर असताना लिहिलेल्या पुस्तकातून. याच कसोटीला मी पुढचे सगळे लावून पाहणार आहे: विद्यापीठाने केलेले काम विद्यार्थ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या हातात धरता येते का.

हातात धरता येते असे एक उदाहरण मालवणपासून फार लांब नाही. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. विद्यापीठ १९७२ सालचे, केंद्र त्याहून जुने. तिथे काजूच्या जाती तयार झाल्या, त्यांना कुणी देवदेवतांची किंवा पुढाऱ्यांची नावे दिली नाहीत. सरळ नंबर दिले. वेंगुर्ला-१ पासून सुरुवात, आणि जिल्ह्यातल्या बागायतदाराच्या तोंडी बसले ते चार नंबर आणि सात नंबर. बी मोठे, गर भरलेला, कलम लवकर धरते. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, सरकारने लागवडीचा खर्च उचलला, आणि ज्या कातळावर, ज्या वरकस जमिनीवर पूर्वी गवत कापले जाई तिथे कलमे उभी राहिली. योजना मंत्रालयाची, पण लावायला कलम तयार होते म्हणून ती योजना चालली. त्याच केंद्राने आंब्याची 'रत्ना' १९८१ मध्ये आणि पातळ कोयीची 'सिंधू' १९९२ मध्ये दिली. हापूसची जागा त्यांना घेता आली नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दहा प्रयोगांतले दोन लागले तरी विद्यापीठाचे पैसे फिटतात. सात नंबरचे कलम लावणाऱ्या माणसाला त्या वर्षी दापोलीत कुलगुरू कोण होते ते विचारा. सांगता येणार नाही.

आता हातात धरता न आलेल्या गोष्टीकडे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. गैरप्रकार कमी होतील, बेरजेच्या चुका टळतील, गठ्ठे वाहून न्यायला नकोत. पण निर्णय पक्का झाला तो परीक्षा सुरू झाल्यावर. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना पडद्यावर तपासायला शिकवायचे, यंत्रणा कोसळली की पुन्हा उभी करायची. निकालासाठी ३१ जुलैची मुदत ठरली, तीही गेली, आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, तेव्हा अगदी ताजा. त्यात निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावण्याचे बंधन. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपती विद्यासागर राव यांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच झाले. देशमुख मूळचे खारफुटीचे अभ्यासक. मालवणच्या खाड्यांना उपयोगी पडेल असा विषय त्यांच्या हातात होता, आणि पद गेले ते सॉफ्टवेअरपायी.

मुंबईत निकाल लांबला की मुले मोर्चा काढतात, वाहिन्यांचे कॅमेरे येतात. सिंधुदुर्गात निकाल लांबला की पुढचा प्रवेश हुकतो, कारण इथल्या मुलाचे पुढचे शिक्षण बहुतेकदा दुसऱ्याच विद्यापीठात असते. सावंतवाडीहून पणजी सत्तर किलोमीटरच्या आत आहे, कोल्हापूर घाट चढले की येते, आणि मुंबई विद्यापीठाचा कालिना परिसर जवळपास पाचशे किलोमीटर. गोव्याची किंवा शिवाजी विद्यापीठाची प्रवेशयादी मुंबईच्या गुणपत्रिकेसाठी थांबत नाही. म्हणून कुलगुरूंच्या यादीत आंतरराष्ट्रीय करार कितीही असोत, मालवणहून पाहणाऱ्याला पहिला प्रश्न निकालाच्या तारखेचाच सुचतो. हा क्षुद्रपणा आहे असे कालिन्यात कुणाला वाटले तर वाटू दे. १८५७ पासून परीक्षा हेच या विद्यापीठाचे मूळ काम आहे.

या जिल्ह्याचा एक विरोधाभास बाहेरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. शालान्त मंडळाचा कोकण विभाग म्हणजे फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, आणि तो स्थापन झाल्यापासून राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के, बारावीचा ९६.७४. दरवर्षी वर्तमानपत्रात तोच मथळा, फक्त दशांश बदलतात. दुसरीकडे जनगणना सांगते की २००१ मध्ये जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती, २०११ मध्ये ८,४९,६५१. देशभर लोकसंख्या वाढत असताना इथे ती घटली. बारावीला एवढी मुले पास होतात आणि मग जातात कुठे, याचे उत्तर कोकण रेल्वेच्या फलाटावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळते. मालवणला तर स्टेशनही नाही. कुडाळ किंवा कणकवली गाठावी लागते.

राहतात त्यांच्यासाठी महाविद्यालये आहेत. मालवणात स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, सावंतवाडीत श्री पंचम खेमराज, वेंगुर्ल्यात बाळासाहेब खर्डेकर, कुडाळात संत राऊळ महाराज. मालवणच्या महाविद्यालयाला नाव मुंबईवर हुकूम चालवलेल्या महापौराचे, मालवणच्या हायस्कूलला नाव मुंबईत टोप्यांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या अनंत शिवाजी देसाई टोपीवाल्यांचे. मुंबईने इथून माणसे घेतली आणि काही प्रमाणात परत पाठवली ती इमारतींच्या रूपाने. मात्र इमारतीत शिकवायला माणसे लागतात. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा हा सगळ्या राज्याचा रोग आहे, आणि त्यावरचा इलाज म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. तासाला ठरलेले मानधन, सुटीत शून्य, पुढच्या जूनची खात्री नाही. मुंबईत असा प्राध्यापक दोन महाविद्यालयांत तास घेऊन महिना भागवतो. मालवणात दुसरे महाविद्यालय गाठायचे म्हणजे एसटीने तास-दीड तास. भरतीची परवानगी शासनाची, हे खरे; कुलगुरू ती स्वतः देऊ शकत नाहीत. पण कुलगुरूंनी शासनाकडे मागणी करताना दूरच्या महाविद्यालयांतल्या जागा आधी भरा एवढे तरी म्हणायला काय हरकत आहे?

सध्याचे कुलगुरू डॉ. रवींद्र कुलकर्णी जून २०२३ मध्ये आले, आणि त्यांच्या वाट्याला या शतकातला सगळ्यात मोठा अभ्यासक्रम-बदल आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्याच्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे मालवणातली पहिली तुकडी २०२५-२६ मध्ये दुसऱ्या वर्षाला पोचली. श्रेयांक, चार वर्षांची ऑनर्स पदवी, मधूनच बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा, क्षेत्र प्रकल्प, समाज-सहभाग, आणि शेवटी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण. कागदावर हे सगळे किनाऱ्यावरच्या महाविद्यालयासाठीच लिहिल्यासारखे वाटते. प्रयोगशाळा लहान असेल, पण दाराबाहेर समुद्र आहे. १९८७ मध्ये जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच आहे. त्यात प्रवाळ आहेत, आणि त्याला सुरुवातीपासून मच्छीमारांचा विरोधही आहे, म्हणजे प्राणिशास्त्राचा प्रकल्प आणि समाजशास्त्राचा प्रकल्प एकाच पाण्यात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून खारफुटी दाखवतात, आणि तो व्यवसाय कसा उभा राहिला हा वाणिज्य शाखेच्या कुणाही विद्यार्थ्याने लिहावा असा विषय आहे. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांचा लढा इथे वर्षानुवर्षे चालू आहे. राज्यशास्त्राच्या मुलांनी तो पुस्तकात शोधायची गरज नाही. (जाता जाता: राज्यात नावात मत्स्यविज्ञान असलेले विद्यापीठ आहे, आणि ते नागपुरात आहे.)

आणि रापण. किनाऱ्यावरून होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. वाट्यांचे नियम आहेत: होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्या हातांचा. कुणाचा वाटा किती, आजारी माणसाला काय, हे ठरलेले असते आणि लिहिलेले नसते. धोरणात भारतीय ज्ञान प्रणाली नावाचा विषय सक्तीचा आहे. तो शिकवताना वेदांपासून विमानापर्यंत उडी मारण्याचा मोह सगळीकडे दिसतो. मालवणच्या महाविद्यालयात हा विषय रापणीच्या वाट्यांपासून सुरू करावा, आणि पद्धत भांडारकरांची वापरावी: दोन रापणींचे नियम ताडून पाहा, जुन्या माणसांना विचारा, कधी बदलले ते शोधा, आणि जे सापडेल ते आवडले नाही तरी लिहा. शताब्दीच्या वर्षी त्यांच्या गावात त्यांना याहून चांगला मान देता येईल असे मला वाटत नाही. पुतळा मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात कसा टिकतो ते राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला तेव्हा सगळ्यांनी पाहिले आहे.

अडचण वेळापत्रकाची आहे, आणि ती मुंबईत बसून दिसत नाही. रचनेनुसार क्षेत्र प्रकल्प तिसऱ्या सत्रात, म्हणजे जून ते ऑक्टोबर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी वाहतूक मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. रापण लागते ती पावसाळा उतरल्यावर. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, आणि चतुर्थीला सिंधुदुर्गात वर्ग भरतो असे समजणाऱ्या माणसाने इथे एकदा येऊन पाहावे; घरोघरी गणपती, काही घरी अकरा किंवा त्याहूनही जास्त दिवसांचे, मुंबईहून आलेली गाडीभर माणसे, रात्रभर भजने. उरला सप्टेंबर. ऑक्टोबरात परीक्षा आणि दिवाळी. म्हणजे ज्या प्रकल्पासाठी सत्र दिले त्याला प्रत्यक्षात मिळतात तीन-चार आठवडे. मग प्रकल्प होतो तो इंटरनेटवरून उतरवलेला, आणि श्रेयांक मात्र पूर्ण. तोच प्रकल्प चौथ्या सत्रात, डिसेंबर ते मार्चमध्ये हलवला तर समुद्र उघडा, काजू-आंब्याचा हंगाम, जत्रा आणि दशावतार, पर्यटकांची गर्दी, सगळे समोर. एवढ्या अदलाबदलीला पैसा लागत नाही. लागते ती अभ्यासमंडळाची आणि विद्या परिषदेची मान्यता, आणि ती मागणारा कुणीतरी आवाज.

इथे स्वतंत्र कोकण विद्यापीठाचा जुना वाद येतो. सोलापूरला एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये विद्यापीठ मिळाले, चंद्रपूर-गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना. मुंबई विद्यापीठाखाली मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे. मग आम्हालाच का नाही, हा प्रश्न रास्त आहे. उलट बाजूही तितकीच खरी: गुणपत्रिकेवर मुंबईचे नाव आहे म्हणून पोरगा मुंबईत मुलाखतीला उभा राहतो, असे म्हणणारे पालक तालुक्यातालुक्यात भेटतात. संलग्न विद्यापीठाचा संसार बराचसा परीक्षा शुल्कावर चालतो, आणि विद्यार्थी घटत असलेल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतल्या शुल्कावर कुलसचिव, परीक्षा विभाग आणि इमारती पोसायच्या म्हणजे शिकवायला काय उरणार? माझा कल आजच्या घडीला वेगळ्या विद्यापीठाकडे नाही. रत्नागिरीत उपपरिसर आहे, सावंतवाडीतही आहे. त्यांना खरे अधिकार द्या. सत्राचे वेळापत्रक जिल्ह्यापुरते बदलण्याचा, पुनर्मूल्यांकनाचा आणि नाव दुरुस्तीचा अर्ज तिथेच निकाली काढण्याचा, क्षेत्र प्रकल्पाला तिथल्या तिथे मान्यता देण्याचा. एका स्पेलिंगच्या चुकीसाठी रात्रीची गाडी पकडून कालिन्याला जाणारा विद्यार्थी हा सिंधुदुर्गात विनोदाचा विषय झाला आहे, आणि तो विनोद त्या विद्यार्थ्याला महाग पडतो.

बृहत् आराखडा २०२४-२५ ते २०२८-२९ चा आहे. त्यात नव्या महाविद्यालयांची ठिकाणे असतात. लोकसंख्या घटणाऱ्या तालुक्यात नवे महाविद्यालय काढण्यापेक्षा आहे त्याला माणसे आणि मोकळीक द्यावी, हे आराखड्याच्या भाषेत कसे लिहायचे ते विद्यापीठातले जाणकार जाणोत.

तोवर निदान कॅलेंडर पाहावे. जून २०२६ मध्ये नव्या धोरणाची पहिली तुकडी तिसऱ्या वर्षाला, २०२५-२६ ची प्रथम वर्षाची मुले तिसऱ्या सत्रात, आणि २०२६ हे अधिक महिन्याचे वर्ष आहे. नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटी, चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी त्याच महिन्याच्या २५ तारखेला. सप्टेंबरातली २०२५ ची खिडकीही २०२६ मध्ये उरत नाही. विद्या परिषदेची मान्यता मिळून परिपत्रक महाविद्यालयापर्यंत यायला जो वेळ लागतो तो धरला, तर तिसऱ्या आणि चौथ्या सत्राची ही अदलाबदल २०२६ च्या शिमग्याच्या आत व्हायला हवी.